झोपाळू जंतूंची जबानी

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता भांडीवाल्या मामांनी वाफेच्या मोठ्या कुकरचं झाकण उघडलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

हा कुकर प्रयोगशाळेतला. काचेची भांडी, नळ्या, वापरून झालेली जंतूंची खिचडी, सगळं त्यात घालून कडकडीत वाफेवर निर्जंतुक करायचं, हे मामांचं एकोणतीस वर्षांचं काम. शनिवारी दुपारी त्यांनी कुकर रिकामा करून, पुसून ठेवला होता. आता त्याच्या तळाशी बोटाएवढ्या कुप्या पडल्या होत्या. मामांनी मोजल्या. बरोबर चाळीस.

शेजारचा डीप फ्रीझर उघडा होता. आत बर्फ होता, कुप्यांचा खण मात्र रिकामा.

"ताई!" मामा जिन्यावरूनच ओरडले. "लेसरताई, धावा! कुणीतरी आपले जंतू शिजवले!"

लेसरताई तळघरातून दोन-दोन पायऱ्या चढत वर आल्या. वय बावन्न, बुटक्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. संस्थेतला एकमेव लेसर-सूक्ष्मदर्शक त्यांच्या ताब्यात होता, म्हणून सगळे त्यांना लेसरताई म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच ते पडून होतं.

कुप्या पाहताच त्यांनी एक उचलून उजेडात धरली. त्या चाळीस कुप्यांत सहा वर्षांची मेहनत होती. कापड रंगवणाऱ्या कारखान्यामागच्या डबक्यात सापडलेला एक जीवाणू रंगातलं विष खाऊन पचवत होता. डबक्याच्या उतारावरच्या वस्तीतल्या साठ-सत्तर विहिरी लालसर झाल्या होत्या, पोरांच्या अंगावर चट्टे उठत होते. हा जीवाणू नगरपालिकेला फुकट द्यायचा, ज्याला हवा त्याला वाढवू द्यायचा, असं संस्थेच्या संचालकबाईंनी मागच्याच महिन्यात ठरवलं होतं. बुधवारी चार वाजता त्याचीच बैठक होती.

"एखादी तरी वाचली असेल?" ताईंनी विचारलं.

"त्या वाफेत लोखंड सोडून काही वाचत नाही," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

दरवाज्यावरची वही आणवली. शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत एकच सही होती. रविवार, संध्याकाळी सहा. आणि ती सही चिमणीची होती.

२

चिमणी म्हणजे ज्या पोरीने त्या डबक्यात गुडघाभर उतरून तो जीवाणू शोधला तीच. चणीने लहान, बोलणं चुरूचुरू, चालणं टुणटुण. तिचा सहा वर्षांचा प्रबंध याच जंतूंवर उभा होता.

"मीच माझ्या पोटावर पाय देईन का, ताई?" तळघरातल्या स्टुलावर बसून ती रडत होती. "मंगळवारी दुपारी भावाच्या लग्नाला गेले, ती रविवारी संध्याकाळी परतले. बसमधून उतरले, प्रयोगवही इथल्या कपाटात ठेवली, पाच मिनिटांत घरी गेले. तळमजल्यावरच्या कुकर-फ्रीझरकडे फिरकलेसुद्धा नाही."

"वही लग्नाला नेली होतीस?"

"उशाशी घेऊन झोपते मी ती! आई म्हणाली, नवरीपेक्षा तुझाच थाट जास्त."

ताईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "रडणं नंतर. आधी सांग, गेल्या आठवड्यात फ्रीझरबाहेर जिवंत जंतू कुठे होते?"

चिमणीने नाक पुसलं. "तिसऱ्या मजल्यावर, इनक्युबेटरमध्ये. एकच फ्लास्क. आधीचा ज-२० मंगळवारी सकाळी संपवला, त्यातले चार थेंब घालून ज-३५ सुरू केला, फ्लास्कवर तशी चिठ्ठी डकवली आणि मगच निघाले. शनिवारी दुपारी मामांनी मी सांगून ठेवल्याप्रमाणे तो धुऊन टाकला. म्हणजे शनिवारी दुपारनंतर या इमारतीत जिवंत जंतू फक्त फ्रीझरमध्ये, गोठलेले."

"आणि गोठलेला जंतू जागा व्हायला?"

"पंधरा दिवस. महाआळशी जात आहे ही. जागे झाले तरी दिवसातून दोनदाच दुभंगतात. शिवाय जुन्या फ्लास्कमध्ये पाचातला एक झोपलेलाच असतो. कितीही खायला घाला, आठवडाभर हूं की चूं नाही. इनक्युबेटरसुद्धा मी रात्रंदिवस तीस अंशांवर ठेवते. जरा इकडेतिकडे झालं तर रुसतात."

ज-२० आणि ज-३५ हे ताई आणि चिमणी या दोघींचं गुपित नव्हतं, पण दोघींच्या पलीकडे फारसं कुणाला त्याचं कौतुकही नव्हतं. 'ज' म्हणजे जड पाणी. दिसायला, ओतायला साध्या पाण्यासारखंच, फक्त त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. जीवाणू या पाण्यात वाढला की तो जड हायड्रोजन आपल्या चरबीत, प्रथिनांत विणून घेतो. ताईंनी लेसरचा हिरवा किरण त्या पेशीवर टाकला की परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि कोणता रंग किती बदलला यावरून पेशीत कोणती रसायनं आहेत ते कागदावर शिखरांच्या ओळीने उमटतं. या ओळीत एक ओसाड पट्टा असतो. साध्या पाण्यात वाढलेल्या कुठल्याही जिवाचं शिखर तिथे येत नाही. जड पाणी प्यायलेल्याचं मात्र येतं, आणि जितकं जड पाणी, तितकं ते उंच.

"ताई," चिमणी हळूच म्हणाली, "संचालकबाईंनी माझं ओळखपत्र काढून घेतलंय. बुधवारपर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर पोलिसांत तक्रार जाणार आहे. माझ्या नावाने."

३

मामांकडे ताई भांड्यांच्या ढिगामागे बसून बोलल्या.

"शनिवारी फ्लास्क तुम्ही धुतलात?"

"तर काय! पोरीने सांगून ठेवलं होतं तसं. आधी एक थेंब काचपट्टीवर वाळवून तुमच्याकडे आणून दिला, मग उरलेलं कुकरमध्ये, मग फ्लास्क साबणात."

तो थेंब ताईंना आठवला. त्यांनी त्याचा वर्णपट शनिवारीच काढून ठेवला होता. पण वाळलेले जंतू मेलेले असतात, त्यांची छबी निघते, वंश वाढत नाही.

"एक सांगू का?" मामा कानाशी आले. "फ्लास्कवर पोरीने निळ्या शाईची खूण केलेली असते. शनिवारी पाणी त्या खुणेखाली दोन बोटं होतं. म्हटलं, उडून गेलं असेल उष्णतेनं. पण ते पाणी महागाचं. बाटल्या मीच उतरवून घेतल्या होत्या. ही पोरगी म्हणाली होती, मामा, एक थेंब सांडू नका, हे खुणेचं पाणी आहे, ताईंच्या यंत्राला लगेच कळतं. म्हणून माझ्या मनात राहिलं."

दोन बोटं. बूच लावलेल्या फ्लास्कमधून चार दिवसांत दोन बोटं पाणी उडत नाही.

तिथून त्या पहिल्या मजल्यावर सरांच्या खोलीत गेल्या. सर म्हणजे या प्रयोगशाळेचे प्रमुख. सव्वीस वर्षांपूर्वी ताईंना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला त्यांनीच शिकवलं होतं. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. आज ते एकदम म्हातारे दिसत होते. टेबलावरचा चहा साय धरून थंड झाला होता.

"बसा हो. काय उरलंय आता बोलायला?" सर म्हणाले. "सहा वर्षांचं पोर गेल्यासारखं वाटतंय."

"तुम्हाला कुणाचा संशय, सर?"

"संशय कसा घेऊ? लेकरासारखी वाढवली तिला." त्यांनी उसासा टाकला. "पण शिस्त नाही हो पोरीत. मी शंभरदा सांगितलं, यांना तीस अंशांवर ठेव. हिने गेल्या आठवड्यात फ्लास्क ठेवला पस्तीसवर! अशी धसमुसळी माणसं रागाच्या भरात काय करतील, नेम नाही. प्रबंधावर मी सही लांबवली म्हणून धुसफुसत होती."

"तुम्ही वर जाऊन बोलला होतात का तिला?"

"मी कुठला जातोय वर? लिफ्ट महिनाभर बंद. या गुडघ्याने तिसरा मजला पाहिलाच नाहीये तेव्हापासून." सरांनी गुडघ्यावर हात फिरवला. "कागद येतात, मी सह्या करतो. वाचवतसुद्धा नाहीत आता."

ताई उठल्या. त्यांना वाईट वाटत होतं. दाराशी पोचल्या तोच टेबलावरचा फोन वाजला. सरांनी तो उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर हातातच धरून म्हणाले, "संचालकबाई आहेत. एका कंपनीने नगरपालिकेला कळवलंय. अगदी असाच रंग खाणारा जीवाणू त्यांच्याकडे आहे. जिवंत!"

४

कंपनीचं म्हणणं साधं होतं. हा जीवाणू त्यांना वर्षापूर्वी त्यांच्या स्वतःच्या तळ्यात सापडला. ते तो नगरपालिकेला देतील, पण करार करून, दरवर्षी पैसे घेऊन, आणि इतर कुणालाही वाढवू न देता. संस्थेच्या कुप्या नष्ट झाल्यावर दुसरा पर्याय तरी कुठे होता?

नगरपालिकेची पाणी-अभियंता मात्र खमकी बाई निघाली. "आधी नमुना तपासून घेईन, मग सही," असं म्हणून मंगळवारी दुपारी तिने कंपनीकडून मोहोरबंद नळी घेतली आणि बर्फाच्या डब्यातून थेट ताईंच्या तळघरात आणली. "बुधवारी चारला बैठक. तोवर मला सांगा, हा खरोखर रंग खातो का."

"खातो का ते तर सांगतेच," ताई म्हणाल्या, "कुठून आला तेही सांगता आलं तर बघते."

त्यांच्या मनात हिशेब पक्का होता. कुप्या चाळीसच्या चाळीस कुकरमध्ये सापडल्या, म्हणजे फ्रीझरमधून काही नेलेलं नाही. नेलं असतं तरी पंधरा दिवस ते जागं झालं नसतं. मग कंपनीचा जंतू चोरीचा असेल तर तो एकाच ठिकाणचा, ज-३५ मधला. आणि तसं असेल तर ओसाड पट्ट्यात शिखर उभं राहायलाच हवं.

चिमणीला आत यायची बंदी होती. ती बाहेर, तळघराच्या झरोक्यापाशी उकिडवी बसली होती. ताईंनी थेंब काचपट्टीवर पसरला, लेसर रुंद केला, हजारो पेशींची एकत्र छबी घेतली. पडद्यावर रेघ सरकू लागली. ओळखीची शिखरं एकामागून एक आली, आपल्या जीवाणूची हुबेहूब.

"तोच आहे!" झरोक्यातून आवाज आला.

"त्याच जातीचा आहे. जात काय, दोन डबक्यांत सापडू शकते. थांब."

रेघ ओसाड पट्ट्यापाशी आली. ताईंनी श्वास धरला. रेघ सरळ गेली, टेकडी नाही की उंचवटा नाही. तळव्यासारखी सपाट.

ताईंनी पुन्हा घेतली, तिसऱ्यांदा घेतली, पण रेघ काही हलेना.

मग चिमणी म्हणाली, "म्हणजे त्यांचा त्यांचाच आहे. आणि आपला खरंच संपला, ताई."

५

बुधवारी सकाळी सात वाजता ताईंच्या घरात नेहमीची झुंबड होती. नवरा घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची किल्ली शोधत होता, सासूबाई रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत होत्या, धाकटा बुटाची नाडी धरून एका पायावर नाचत होता. ताई मात्र चहाच्या कपात बघत बसल्या होत्या. रात्रभर डोळ्यांसमोर ती सपाट रेघ होती.

"थोरली कुठंय?" सासूबाईंनी विचारलं. "आज बुधवार. हिची सकाळची परीक्षा ना?"

"कसली परीक्षा! गाढ झोपलीय," नवरा हसत म्हणाला. "आत्ता हलवलं तर म्हणते, बाबा, आज मंगळवार आहे. अख्खं घर बुधवारात आलंय, आणि ही एकटी अजून मंगळवारातच आहे."

ताईंचा कप बशीवर आदळला.

"काय म्हणालात?"

"अगं, काही नाही, झोपलेल्या माणसाचा वार बदलत नाही, एवढंच."

ताई उभ्या राहिल्या. चेहरा असा उजळला होता की सासूबाईंनी रेडिओ बंद केला. "झोपलेल्याचा वार बदलत नाही! अहो, मी काल सगळ्या गावाची सरासरी काढत बसले! जागे होते त्यांनी साधं पाणी पिऊन पोरं जन्माला घातली, दर पिढीला खूण निम्मी, निम्मी, निम्मी. शनिवारपासून मंगळवारपर्यंत सहा पिढ्या. चौसष्टावा हिस्सा! दिसणार कशी? पण जे झोपले होते..."

"ही कुणाबद्दल बोलतेय?" सासूबाईंनी मुलाला विचारलं.

"जंतूंबद्दल, आई."

"मग जाऊ दे तिला. आणि पोरीला मी उठवते."

ताई चपला उलट्या घालून धावत सुटल्या होत्या.

आठ वाजता लेसर सुरू झाला. या वेळी किरण त्यांनी सुईच्या टोकाहूनही बारीक केला. एका वेळी एकच पेशी. पाचातला एक झोपाळू, आणि बाकीचे सहा पिढ्या वाढलेले. म्हणजे आता तीनशेत एखादा सापडेल. प्रत्येकावर दहा सेकंद प्रकाश, मग पुढचा. चिमणी झरोक्याबाहेर गुडघे टेकून कागदावर रेघा मारत मोजत होती.

पन्नास. शंभर. सगळे सपाट. दीडशे. दोनशे.

"ताई, डोळे दुखत असतील, थोडं थांबा."

"गप्प. मोज."

दोनशे अकरा. दोनशे बारा. दोनशे तेरा.

दोनशे चौदावी पेशी बाकीच्यांसारखीच दिसत होती. पडद्यावर रेघ निघाली, ओळखीची शिखरं चढली, उतरली, ओसाड पट्ट्यात शिरली, आणि तिथे बघताबघता टेकडी फुगली. मग डोंगर झाला.

चिमणी झरोक्याला नाक लावून किंचाळली. जिन्यावरून मामा हातात साबणाचा फेस घेऊन धावत आले. "काय झालं? आता काय शिजलं?"

"मामा, साक्षीदार सापडला!"

पण एका साक्षीवर ताई थांबणाऱ्या नव्हत्या. पाचशे अठ्ठ्याऐंशीवी. पुन्हा डोंगर. आठशे एकाहत्तरावी. पुन्हा, तेवढाच. तिन्ही आलेख त्यांनी शनिवारच्या वाळलेल्या थेंबाच्या आलेखावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. चारही रेघा एकीखाली एक लपल्या. वीस नाही. बरोबर पस्तीस.

साडेबारा वाजले होते. मामा आणि चिमणी एकमेकांना टाळ्या देत होते. ताई मात्र हळूहळू स्टुलावर बसल्या. आनंद चेहऱ्यावरून उतरत गेला.

"पस्तीस," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. हा आकडा त्यांनी या दोन दिवसांत आणखी एका तोंडून ऐकला होता. त्या उठल्या, चार जिने चढल्या आणि इनक्युबेटरच्या शेजारी टांगलेला तापमानाचा कागदी तक्ता काढून घेतला.

६

चार वाजता संचालकबाईंच्या खोलीत सगळे जमले. सर, पाणी-अभियंता, करारपत्राची चामडी पिशवी मांडीवर घेतलेले कंपनीचे साहेब, आणि ताईंच्या आग्रहाखातर मामा आणि चिमणी.

ताईंनी तिन्ही आलेख टेबलावर मांडले आणि झोपाळू पेशींची गोष्ट सांगितली. कंपनीचे साहेब सुरुवातीला हसत होते. "वर्षापूर्वी आमच्या तळ्यात सापडलेल्या जंतूने जड पाणी कुठून प्यायलं?" असं अभियंत्याने विचारल्यावर ते हसणं थांबवून पिशवीचा पट्टा ओढू लागले.

"चोरी झाली हे ठरलं," संचालकबाई म्हणाल्या. "केली कुणी?"

"आपण सगळे रविवारची चौकशी करत बसलो," ताई म्हणाल्या. "कुकर रविवारी लागला म्हणून. पण रविवारी चोरण्यासारखं जिवंत काही नव्हतंच. चोरी त्याआधीची. हे जंतू पुरते पस्तीसच्या खुणेचे आहेत, म्हणजे ज-३५ मध्ये दोन दिवस तरी वाढलेले. गुरुवार ते शनिवार दुपार, एवढाच वेळ. तेव्हा चिमणी तीनशे किलोमीटरवर चारशे वऱ्हाड्यांना पंगतीत वाढत होती. ती सुटली."

चिमणीने डोळे मिटले.

"मामा तेव्हा इथेच होते," संचालकबाई म्हणाल्या.

"होते. पण हे पाणी खुणेचं आहे आणि माझं यंत्र ती खूण ओळखतं, हे त्यांना ठाऊक होतं. थेंब त्यांनीच मला आणून दिला. पाणी खुणेखाली दोन बोटं होतं, हेही त्यांनीच आपणहून सांगितलं. चोर स्वतःच्या पावलांवर दिवा धरत नाही. चोराला ही खूण माहीतच नव्हती. त्याला ते साधं पाणी वाटलं. त्याने फ्लास्कवरची चिठ्ठी वाचली, पण अर्थ चुकीचा लावला." ताई थांबल्या. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. "सर, चिमणीने फ्लास्क पस्तीसवर ठेवला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सरांनी मान वर केली. "तिनेच. किंवा तिच्या वहीत असेल."

"मी नाही बोलले," चिमणी म्हणाली. "आणि वही माझ्याबरोबर लग्नात होती."

ताईंनी तापमानाचा तक्ता उलगडला. आठवडाभराची शाईची रेघ, एका सरळ ओळीत. "तीस अंश, सर. मंगळवारपासून शनिवारपर्यंत तीसच. पस्तीस अंश तिथे कधीच नव्हते. पस्तीस हा आकडा फक्त एका ठिकाणी होता, त्या फ्लास्कच्या चिठ्ठीवर. मंगळवारी सकाळी ती चिकटवली आणि शनिवारी दुपारी मामांनी धुऊन टाकली. ते अंश नव्हते, सर. शंभरात पस्तीस भाग जड पाणी. ज्याने तो आकडा वाचला, तो त्या चार दिवसांत तिसऱ्या मजल्यावर गेला होता. आणि तुम्ही तर म्हणालात, महिनाभर तिसरा मजला पाहिलाच नाही."

सरांनी तो तक्ता आपल्याकडे ओढला.

"शुक्रवारी," सर शेवटी म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "बराच वेळ लागला चढायला. दर मजल्यावर बसलो."

"आणि रविवारी?" संचालकबाईंनी विचारलं.

"मी इथेच होतो. दरवान मला कधी सही करायला सांगत नाही." त्यांनी चिमणीकडे पाहिलं, पण नजर टिकली नाही. "तू येऊन जाशील हे मला माहीत नव्हतं. तुझ्यावर यावं असं ठरवलं नव्हतं मी."

"पण आल्यावर तसंच राहू दिलंत," चिमणी म्हणाली.

"राहू दिलं."

"का, सर?" ताई म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस का?"

"तीन महिन्यांनी मला घरी पाठवणार. तुम्ही तो फुकट वाटणार, आणि शोधकर्त्यांच्या यादीत सातवं नाव माझं. यांनी नवी प्रयोगशाळा देऊ केली होती, दहा वर्षं काम करायला." सरांनी कंपनीच्या साहेबांकडे बोट केलं. "अट एकच. जीवाणू दुसऱ्या कुणाकडे असता कामा नये. मी त्यांना संपवलं नाही हो. एक वंश जिवंत ठेवला होता मी."

"आम्हाला यातलं काही सांगण्यात आलं नव्हतं," साहेब घाईघाईने म्हणाले आणि उठले.

"बसा," अभियंता म्हणाली. "तक्रारीसाठी बोलावलेले पोलीस खाली आले असतील. तुम्ही त्यांनाच सांगा." करारपत्र तिने पुढे ओढलं, मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे त्यांच्या पिशवीवर ठेवले. मग ती ताईंकडे वळली. चेहऱ्यावर काळजी होती. "चोर सापडला, बरं झालं. पण मी वस्तीतल्या बायकांना काय सांगू? तुमचा जीवाणू तर शिजला ना?"

ताई सरांकडेच बघत होत्या. सव्वीस वर्षं त्या ज्यांच्या पाया पडत आल्या, ते आता टेबलावरच्या आलेखावर बोट फिरवत होते, हळूच, शिखराच्या चढावरून. आलेख चांगला आला आहे हे त्यांना अजूनही कळत होतं. ताईंनी नजर काढून घेतली.

"कोण म्हणतं शिजला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही काल आणलेली नळी! मी तिच्यातले दोन थेंब वापरलेत. बाकी तशीच बर्फात आहे. त्यातला एकेक जंतू आमचाच आहे, हे आत्ता तुमच्यासमोर सिद्ध झालं. काही कोटी असतील."

चिमणी ताडकन उठली. "बर्फात? कालपासून? उपाशी?"

"अगं हो, पण..."

"ताई, चोवीस तास झाले! यांना खायला कोण घालणार?"

संचालकबाईंनी खणातून तिचं ओळखपत्र काढून पुढे केलं. चिमणीने ते घेतलं की हिसकावलं, कळलं नाही. ती दाराबाहेर होती. तिच्यामागे मामा, "पोरी, निर्जंतुक फ्लास्क माझ्याकडे आहेत, थांब!" असं ओरडत, साठीला शोभणार नाही अशा वेगाने. जिन्यावरून दोघांच्या पावलांचा धडधडाट खाली खाली जात राहिला, आणि मग तळघराचं दार उघडल्याचा आवाज आला.